कौमचा रकाना

दर जूनमध्ये आमच्या उर्दू शाळेच्या जनरल रजिस्टरात नवी नावे चढतात. मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, मातृभाषा, धर्म, जात. बाकीचे रकाने पटापट भरून होतात. जातीच्या रकान्याशी मात्र पेन थांबतो. बाप म्हणतो, ‘‘टीचर, मुसलमान लिखो ना. हमारे में जात कहाँ होती?’’ सोबत आलेली दादी लगेच त्याला गप्प करते, ‘‘बागवान लिखो माँ. आगे कागद काम कू आता.’’

बी.एड. करून सेलूत शिकवायला लागल्यापासून हा संवाद मी किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही. आडनावे बदलतात, धंदे बदलतात, बोलणे तेच. आणि दोघेही खरेच बोलतात. इस्लामने जात दिली नाही, हे बापाचे म्हणणे खरे. धंद्याने, सोयरिकीने आणि मोहल्ल्याने ती दिली, हे दादीचे म्हणणेही खरे. आज जगभर वंश, वर्ण आणि अस्मिता यांच्यावर पुष्कळ लिहिले-बोलले जाते. अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांबद्दल आपण हळहळतो. पण आपल्या घरातला वंशाचा प्रश्न या एका रकान्यात दडून बसला आहे. त्याच्याबद्दल आम्ही मुसलमान फार कमी बोलतो. बोललोच तर दबक्या आवाजात, लग्न ठरवताना बोलतो.

आमच्या हजेरीपटावर अर्ध्याहून अधिक नावे ‘शेख’ने सुरू होतात. शेख अमुक शेख तमुक. नंतर सय्यद, पठाण आणि एखादा मिर्झा किंवा बेग. ही नुसती आडनावे नाहीत, चार वंशांचे दावे आहेत. सय्यद म्हणजे पैगंबरांच्या लेकीच्या वंशातले. शेख म्हणजे अरब. मोगल म्हणजे तुर्क-मंगोल. पठाण म्हणजे अफगाण. हजेरीपट शब्दशः खरा मानला तर सेलूचा निम्मा मोहल्ला अरबस्तानातून उंटांवर बसून आला असे म्हणावे लागेल! प्रत्यक्षात मराठवाड्यात ज्याला सांगण्यासारखे दुसरे घराणे नव्हते तो शेख झाला. पिंजारीही शेख, तांबोळीही शेख, अत्तारही शेख, बागवानही शेख. कलमा पढल्यावर नाव बदलले. धंदा तोच राहिला, गाव तेच राहिले, ताटातली ज्वारीची भाकरीही तीच राहिली.

बाहेरचे रक्त आमच्याकडे आलेच नाही असे मात्र नाही. मराठवाड्यातले चाऊस हे निजामाच्या फौजेत नोकरीला आलेल्या, येमेनच्या हद्रमौत भागातल्या अरबांचे वंशज. रोहिले आले, हबशी आले. यांतले बहुतेक इथल्याच बायकांशी लग्ने करून इथलेच झाले. आज चाऊसांची मुले घरात दक्खनी आणि बाजारात मराठी बोलतात. आखाती देशात नोकरीला गेले की अस्सल अरबांना ती ‘हिंदी’च वाटतात.

आणि वंशाचा अभिमानच धरायचा तर आमच्या भागाचा इतिहास त्याला चांगलाच चकवा देतो. सेलूशेजारच्या पाथरीची गोष्ट घ्या. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातला, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. विजयनगरच्या मोहिमेत तो लहानपणी बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि बीदरच्या दरबारात वाढला. त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, १४९० साली निजामशाही उभी केली. पुढे या सुलतानांनी ‘आमच्या पूर्वजांचे गाव’ म्हणून पाथरी मागितली आणि त्यापायी वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाया केल्या. गंमत अशी की त्या इमादशाहीचा संस्थापकही मुळात कानडी ब्राह्मण होता. म्हणजे पाथरीच्या कुलकर्ण्याच्या नातवंडांनी आणि एका कानडी ब्राह्मणाच्या वंशजांनी मुसलमान सुलतान म्हणून एकमेकांवर तलवार उपसली. शाळेच्या पुस्तकात मात्र ‘परकीय सत्ता’ एवढे दोनच शब्द येतात.

त्याच निजामशाहीचा डोलारा अखेरीस कुणी सांभाळला? मलिक अंबरने. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेक हातांतून विकला गेलेला हा हबशी दख्खनमध्ये आला आणि मोगलांना वीसेक वर्षे त्याने दख्खन जिंकू दिले नाही. १६१० साली त्याने खडकी वसवली. तिचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. नहर बांधून त्याने शहराला पाणी आणले, जमिनीची मोजणी करून सारा बांधला. १६२६ साली तो गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. बादशहा जहांगीर हाही मुसलमान आणि अंबरही मुसलमान. पण जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख त्याच्या काळ्या रंगावरून शिवी देऊन करतो. अबुल हसन या चित्रकाराकडून त्याने एक चित्रही काढून घेतले. त्यात बादशहा अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारताना दाखवला आहे. रणांगणावर जे जमले नाही ते कागदावर करून घेतले. दीन एक असूनही रंग आडवा येतो, हे सांगायला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. खुलताबाद आमच्या घरापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे.

आता माझ्या घराचे सांगते. माझे दादा पिंजारी. सेलू, मानवत, परतूर हा सगळा कापसाचा मुलूख. मनमाड-काचीगुडा रेल्वे आली, जिनिंग आल्या, बाजारपेठ वाढली. कापूस गाठी बांधून बाहेर गेला, तरी घराघरातल्या गाद्या-रजयांना पिंजारीच लागायचा. दिवाळीनंतर गार वारे सुटले की दादा खांद्यावर पिंजण टाकून खेड्यांवर निघत. अंगणात बसून तांतेवर ठोका मारला की गल्लीभर आवाज घुमे आणि दबलेला जुना कापूस ढगासारखा फुगून येई. संध्याकाळी दादांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. ज्वारी, डाळ, कधी रोख पैसे, असा मेहनताना मिळे. त्यांचे नाव शेखने सुरू होई. कागदावर अरब, कामाने पिंजारी.

अब्बांना शाळेत घातले ते १९६७च्या आधी. शाळा मराठी होती, हेडमास्तर मराठी होते. त्यांनी धर्माच्या पुढे ‘मुसलमान’ लिहिले आणि दादांना विचारले, ‘‘काम काय करता?’’ दादांनी सांगितले. हेडमास्तरांनी कंसात एक शब्द वाढवला. पिंजारी. बस्स, एवढेच. त्या कंसातल्या एका शब्दावर पस्तीस-चाळीस वर्षांनी मला इतर मागासवर्गीयाचा दाखला मिळाला, फीची सवलत मिळाली आणि मी बी.एड. होऊ शकले.

माझे आजोळही पिंजाऱ्यांचेच. तीच बिरादरी, तेच काम, त्याच तांतेचा आवाज. पण मामांच्या शाळेत कुणी काम विचारले नाही. रजिस्टरात जातीपुढे नुसते ‘मुसलमान’ लिहिले गेले. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. माझ्या मामेबहिणीने जुने कागद गोळा केले, निर्गम उतारे काढले, एका कार्यालयात वर्षभर खेटे घातले. शेवटी तिथल्या माणसाने फाईल परत सरकवली आणि म्हणाला, ‘‘मुसलमान ही जात नाही, धर्म आहे.’’ वाक्य अगदी बरोबर. आमच्या समाजातले लोक हेच वाक्य मान ताठ करून बोलतात. तिला मात्र ते नकार म्हणून ऐकावे लागले. ती माझ्याहून हुशार होती, गणितात तर फारच. आज ती घरी मशीनवर ब्लाऊज शिवते. शिवण सुरेख असते तिची.

या प्रकरणात खलनायक कुणी नाही, हीच अडचण आहे. मामांच्या वेळच्या मास्तरांचा हेतू वाईट नव्हता. ‘मुसलमानात जात नसते’ असे त्यांनी ऐकलेले होते आणि नानांनाही ते लिहिलेले आवडलेच असणार. गावात ‘ए पिंजाऱ्या’ अशी हाक ऐकणाऱ्या माणसाला शाळेच्या रजिस्टरात आपण नुसते मुसलमान आहोत, सय्यदांच्या बरोबरीचे आहोत, हे पाहून बरेच वाटले असेल. तो मान फुकटचा नव्हता. त्याची किंमत पुढे नातीने मोजली.

२०२३ साली याच गोष्टीची दुसरी बाजू मी पाहिली. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीचे मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. हैदराबाद संस्थानाची राजभाषा उर्दू. त्यामुळे जुने महसुली कागद उर्दूत, काही मोडीत. एरवी ‘उर्दू शिकून काय उपयोग?’ असे आम्हाला ऐकावे लागते. त्या हिवाळ्यात मात्र उर्दू वाचणाऱ्यांना चांगला भाव आला. ओळखीचे लोक घरातल्या ट्रंकांमधून घडी फाटलेले कागद घेऊन येऊ लागले.

आमच्या गल्लीतले एक काका असेच आले. ‘‘पोरी, एवढं वाचून दे गं. आमच्या आज्ज्याचं नाव हाय म्हणत्यात.’’ नाव होते. वल्दियत होती, गाव होते, सर्व्हे नंबर होता. पुढे एक रकाना होता. त्याच्या माथ्यावर लिहिले होते, ‘कौम’. आणि खाली, आजोबांच्या नावासमोर, स्पष्ट शिकस्ता अक्षरात, ‘कुनबी’. काकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. मग स्वतः त्या अक्षरावर बोट फिरवून पाहिले. त्यांना त्यातले एक वळण कळत नव्हते, पण बोट बराच वेळ तिथेच होते.

त्याच पानावर दोन ओळी खाली एका मुसलमान कुळाचे नाव होते. त्याच्यासमोर, त्याच रकान्यात लिहिले होते, ‘मुसलमान’.

मी ते पान विसरू शकत नाही. एकच कारकून, एकच शाई, एकच रकाना. एकाची त्यात जात लिहिली आणि दुसऱ्याचा धर्म. उर्दूत ‘कौम’ हा शब्द फार लवचिक आहे. महसुलाच्या कागदात तो जात होतो, जलशातल्या भाषणात तो सगळा मुस्लिम समाज होतो आणि शाळेच्या स्वातंत्र्यदिनाच्या तकरीरीत तो भारतीय राष्ट्र होतो. शब्दाच्या या लवचिकपणात आमचे तेली, लोहार, पिंजारी, फकीर सगळे गडप झाले. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियर लागू करण्याचा शासन निर्णय निघाला. त्यावरून उलटसुलट वाद झाले. त्या वादात मला पडायचे नाही. माझे म्हणणे एवढेच, की ज्या दफ्तराने एका शेतकऱ्याला त्याचा आजा सापडवून दिला, त्याच दफ्तरात दुसऱ्या शेतकऱ्याचा आजा नुसताच मुसलमान आहे. त्याचे काम, त्याची बिरादरी, त्याची गरिबी कुणी लिहिली नाही.

हे कुणी तरी बोलायला हवे होते आणि सुदैवाने ते बोलणारा माणूस आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातला निघाला. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. धर्म म्हणून नव्हे, धंद्यावरून ठरलेल्या मागासलेपणावर आम्हाला आरक्षण द्या, ही त्यांची मांडणी. विशेष म्हणजे या चळवळीच्या सभांना दिलीपकुमार येत. पेशावरचा पठाण, सिनेमाचा बादशहा! पण त्यांचे वडील फळांचे व्यापारी होते आणि त्यामुळे बागवानांशी आपले नाते सांगताना त्यांना संकोच वाटला नाही. १९९४ साली महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला आणि मुस्लिम मागास बिरादऱ्यांना दाखले मिळण्याची वाट मोकळी झाली.

या चळवळीला विरोध बाहेरून झाला त्यापेक्षा आतून जास्त झाला. ‘तुम्ही उम्मत फोडता’ हा मोठा आरोप. त्याला उत्तर द्यायचे तर आधी आरसा पाहायला हवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४०च्या आपल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात मुस्लिम समाजातल्या जातिभेदाची चर्चा १९०१च्या बंगालच्या जनगणनेचा आधार घेऊन केली होती. अश्रफ, अजलफ, अरजल, म्हणजे खानदानी, सामान्य आणि हीन, हे तीन थर त्यात आहेत. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालातही हेच तीन शब्द आहेत. त्याच अहवालानुसार २००४-०५च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातले ४०.७ टक्के मुसलमान इतर मागासवर्गात मोडत होते. बिहार सरकारने २ ऑक्टोबर २०२३ रोजी जातनिहाय गणनेचे आकडे जाहीर केले. राज्यात मुसलमान १७.७ टक्के, आणि त्यांत शेख, सय्यद, पठाण मिळून साधारण ४.८ टक्के. बाकी सगळे विणकर, धोबी, न्हावी, कसाई, धुनिया. उम्मत फोडायची कशाला? ती कधीपासून अशीच बसलेली आहे. वर कोण, खाली कोण, हे सगळ्यांना पाठ आहे.

सर्वांत खालच्या थराचे दुखणे तर वेगळेच. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. मैला साफ करणारा मुसलमान बाहेरच राहिला. २०१४ साली महाराष्ट्रात मुस्लिमांतल्या मागास घटकांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, शिक्षणातले राहू दिले, आणि डिसेंबरात अध्यादेशाची मुदत संपून तेही गेले. आमच्या शाळेतल्या मुलांनी काढलेले ते काही दाखले अजून त्यांच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले आहेत.

कागदावरचा वंश असा दगा देतो, पण निकाहाच्या वेळी तोच वंश बरोबर जागा होतो. आमच्याकडे सोयरीक जुळवताना एक शब्द हमखास निघतो, ‘हड्डी’. मुलगा कसा आहे, काय कमावतो, हे नंतर. आधी ‘हड्डी कौनसी है?’ हाडापर्यंत जाऊन पाहायचे की हे शेख असली आहेत की पिंजारी-तांबोळ्यांतून झालेले. फिकहमध्ये ‘कुफू’ म्हणजे जोडीदारांची बरोबरी हा विचार आहे. त्याचा अर्थ काही विद्वानांनी दीनदारीपुरता घेतला, काहींनी घराणे आणि पेशापर्यंत ताणला. आमच्या मोहल्ल्याने दुसरा अर्थ उचलला, कारण तो सोयीचा होता. माझ्यासाठी एक स्थळ आले होते. मुलगा शिक्षक, मी शिक्षिका. दोघांचे पगारही सारखे. चहा झाला, फोटो झाले. दोन दिवसांनी निरोप आला की लडकी अच्छी है, पण बुजुर्गांचे मन होत नाही. बुजुर्गांनी दादांची पिंजण शोधून काढली होती. अम्मी दिवसभर गप्प होत्या. संध्याकाळी एवढेच म्हणाल्या, ‘‘उनके घर की गादियाँ तेरे दादा नेच भरे थे.’’

रंगाचेही तसेच. मुलगी सावळी असली की ‘रंग थोडा दबता है’ असे हळूच सांगितले जाते. आणि याच घरांतून मुलाचे नाव मोठ्या प्रेमाने बिलाल ठेवलेले असते. हजरत बिलाल हबशी होते, गुलाम होते. मदिनेच्या मशिदीची पहिली अजान देण्याचा मान त्यांना मिळाला. अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, ते फक्त परहेजगारीने मिळते, ही शेवटच्या हजच्या प्रवचनातली शिकवण मी दरवर्षी मुलांना सांगते. मुले ती तोंडपाठ म्हणतात. घरी गेल्यावर त्यांना हड्डीची भाषा ऐकू येते. दोन्हींपैकी कोणती भाषा जास्त टिकते, हे प्रत्येकाने आपल्या घरात तपासावे.

हाडावरून माणूस ओळखण्याचा नाद मोठमोठ्या विद्वानांनाही होता, हे वाचून मला जरा धीर आला. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त रिझले साहेब नाक मोजून वंश आणि जातीची उतरंड ठरवत. त्यांच्या वर्गवारीत मराठी ब्राह्मण आणि कुणबी एकाच गटात पडले होते. पण आपल्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकायला गेल्या, तेव्हा त्यांना कवट्या मोजण्याचे काम मिळाले. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची ठेवण निराळी आणि म्हणून बुद्धी श्रेष्ठ, असे काही निघावे अशी गुरूची अपेक्षा. इरावतीबाईंनी मोजले आणि जे दिसले ते लिहिले, की वंशावरून तसा फरक दिसत नाही. परक्या देशात, गुरूच्या तोंडावर, एका मराठी बाईने हे लिहिले. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनीही हेच दाखवले आहे की भारतातले बहुसंख्य मुसलमान रक्ताने आपापल्या शेजाऱ्यांच्याच जवळचे आहेत. म्हणजे हड्डी खरोखर तपासली तर माझी आणि त्या कागदवाल्या काकांची एकमेकांच्या जवळची निघेल!

पण हे आतले सगळे भेद गावाची वेस ओलांडली की एका क्षणात पुसले जातात. माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला लागला. खोली शोधत होता. फोनवर त्याचे मराठी ऐकून घरमालक खूश असत. नाव सांगितले की खोली ‘कालच गेलेली’ असे. त्याच्यासोबत एक सय्यद मित्र होता, चांगल्या घराण्यातला. त्यालाही खोली कालच गेलेली. दोघे शेवटी एका वस्तीत एकाच खोलीत राहिले. तिथे कुणी हड्डी विचारली नाही. आत आम्ही चार वंश आणि पन्नास बिरादऱ्या, बाहेर आम्ही सगळे मिळून एकच जमात, ‘ते लोक’. जगातल्या कोणत्याही वंशवादाची रीत अशीच असते. तो माणसाला पाहत नाही, रकाना पाहतो.

रकाने मात्र माणसेच आखतात आणि बदलतातही. अमेरिकेत जनगणनेच्या हिशेबात अरब माणूस ‘गोरा’ गणला जाई. विमानतळावर त्याला कुणी गोऱ्यासारखे वागवत नव्हते, पण कागदावर तो गोरा. मार्च २०२४मध्ये तिथल्या सरकारने पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतल्या लोकांसाठी वेगळा रकाना मान्य केला. तिकडचे अरब ‘आम्हाला गोऱ्यांतून काढून वेगळे मोजा’ असे म्हणत होते. इकडचे पिंजारी अजून ‘आम्हाला अरबांत घाला’ म्हणतात. ज्याला आपली गैरसोय मोजून हवी असते तो आपले खरे नाव सांगतो.

आपल्या देशाच्या जनगणनेत सगळ्यांची जात मोजली गेली ती शेवटची १९३१च्या सुमारास. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने जाहीर केले की येत्या जनगणनेत जातीची नोंद होईल. २०२७च्या त्या गणनेत घरोघर जाण्याचे काम नेहमीप्रमाणे आम्हा शिक्षकांकडे येणार. मोहल्ल्यात आत्तापासून चर्चा आहे. एक म्हणतो, सगळ्यांनी फक्त मुसलमान लिहा, आपली ताकद दिसेल. दुसरा म्हणतो, सगळ्यांनी शेख लिहा. मला विचाराल तर, धर्माचा रकाना वेगळा असतो. तिथे मुसलमान लिहिलेच जाईल, तिथली संख्या कुठे जात नाही. जातीच्या रकान्यात मात्र बापजाद्यांनी हाताने जे काम केले ते सांगावे. पिंजारी असाल तर पिंजारी, मणियार असाल तर मणियार, फकीर असाल तर फकीर. यात इस्लामला धक्का नाही. हजरत दाऊद लोखंडाची चिलखते घडवत आणि हजरत झकरिया सुतारकाम करत, असे आपण मुलांना अभिमानानेच शिकवतो ना? मग दादांच्या पिंजणीची लाज कशाला?

आणि हीच बिरादरी निकाहाच्या बैठकीत मात्र दाराबाहेर चपलांबरोबर ठेवून यावी. सरकारला जात सांगायची आणि सोयऱ्याला विचारायची नाही, हे ऐकायला उलटे वाटेल. आज आपण नेमके याच्या विरुद्ध करतो. सरकारला सांगत नाही आणि सोयऱ्याला सोडत नाही. म्हणून हक्कही हातचा जातो आणि माणुसकीही.

आम्हा लिहिणाऱ्यांवरही एक जबाबदारी आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आमच्या लेखणीने दंगल लिहिली, संशय लिहिला, दोन्ही बाजूंचे परकेपण लिहिले. ते लिहायलाच हवे होते. पण मणियारणीच्या टोपलीतल्या बांगड्या, छप्परबंदांची भटकंती, मुलाण्याचा गावगाड्यातला वाटा, शिकलगाराची सहाण, हे अजून पुरेसे आलेले नाही. दलित साहित्याने आपली जात लपवली नाही, म्हणून ते एवढे उभे राहिले. आपणही आपापल्या शेखमागे कोण दडले आहे ते लिहू या.

माझ्या दादी जिवंत असताना त्यांना पिंजणीच्या एकेका भागाचे नाव सांगता येत असे. तांत कुठून आणायची, ती कशी ओढायची, ठोका किती हलका द्यायचा, हे सगळे त्या चुलीशी बसून सांगत. मी ते एका वहीत उतरवून घेतले आहे. वही शाळेचीच आहे, दोनशे पानी, आणि तिच्यात अजून बरीच पाने कोरी आहेत. आजोळच्या नानी नव्वदीला टेकल्या आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वही घेऊन त्यांच्याकडे जायचे आहे. मामेबहिणीलाही सोबत बसवणार आहे. तिचे अक्षर माझ्याहून चांगले आहे.